काचेपलीकडचा काण्या

एवेनोरने आयुष्यात फारशी दया केली नव्हती. एकतीस वर्षं ग्रानादा-मानाग्वा बसच्या दारात लोंबकळून कंडक्टरकी केलेल्या माणसाकडे दया उरते कुठे? होती नव्हती तेवढी सुट्ट्या पैशांबरोबर लोकांनी नेलेली असते. पण बासष्टाव्या वर्षी, एका मंगळवारी दुपारी, त्याला अचानक दया आली. एका माशाची आली. आणि त्या दयेपायी दुसऱ्या माशाच्या जिवावर बेतलं.

त्याचं असं झालं. घरातल्या दोघी बायका, म्हणजे एवेनोरची विधवा वहिनी दोन्या फिदेलिना आणि तिची धाकटी बहीण नोएमी, दिरिओमो गावाला गेल्या होत्या. मावशी वारली होती आणि नऊ दिवसांच्या प्रार्थनेचा शेवट जवळ आला होता. शेवटच्या दोन दिवसांना गेलंच पाहिजे. नाही गेलं तर मावशीच्या मुली पुढची नऊ वर्षं ते काढत बसतात. निघताना फिदेलिनाने दिराला तीन गोष्टी सांगितल्या. माशांना दिवसातून एकदाच खायला घालायचं. वीज गेली तर हवेचा पंप बंद पडतो, तेव्हा टाकीतलं पाणी मगाने उचलून वरून परत सोडत राहायचं. आणि तिसरी गोष्ट, बाकी कशाला हात लावायचा नाही.

पहिल्या दोन गोष्टी त्याने इमानेइतबारे पाळल्या.

अंगणाच्या कडेने जी लांब पडवी आहे, तिथे फिदेलिनाच्या अकरा टाक्या होत्या. सगळ्यात मोठी टाकी भिंतीला लागून. तिच्यात एखादा माणूस पाय जरा दुमडून मावला असता. तिच्यात एक नवराबायको राहायचे. मोहारा जातीचे, वीतभर लांब, पिकल्या पपईच्या रंगाचे. नराच्या कपाळावर एवढं मोठं टेंगूळ होतं आणि चाल अशी, की नुकताच शंभर लोकांना अंगठीचा मुका घेऊ देऊन आलाय. त्यामुळे त्याचं नाव मोन्सिन्योर, म्हणजे बिशपसाहेब, पडलं होतं. बायको मिलाग्रोस. त्यांच्याभोवती आठवडाभराची पिल्लं टाचणीच्या डोक्याएवढाल्या ठिपक्यांच्या ढगासारखी तरंगत होती. आणि त्याच टाकीचा तिसरा हिस्सा खिडकीच्या एका जुन्या काचेने अडवलेला होता. त्या काचेपलीकडे तुएर्तो. तुएर्तो म्हणजे काण्या; आपण काण्याच म्हणू. एक डोळा गेलेला, पंखांच्या दशा झालेल्या, रंग शिळ्या भाजीसारखा.

मंगळवारी दुपारी एवेनोर भोपळ्याच्या कवटीत पिनोलिओ, म्हणजे भाजक्या मक्याचं गार पेय, घेऊन या टाकीसमोर बसला. घरात कोणी नव्हतं, ऊन मी म्हणत होतं, आणि बघायला दुसरं काही नव्हतं. मोन्सिन्योर कल्ले फुगवून यायचा आणि काचेवर डोकं आपटायचा. ठक. पलीकडे काण्या कोपऱ्यात सरकायचा. पुन्हा ठक. मग मिलाग्रोस यायची आणि तीही एक ठोसा देऊन जायची. तासभर हेच. काण्याने काही केलेलं नव्हतं. त्याचा गुन्हा एवढाच, की तो होता.

एवेनोरला हे दृश्य कुठेतरी पाहिल्यासारखं वाटू लागलं. विचार करता करता त्याच्या लक्षात आलं, की रोज जेवायच्या टेबलावर पाहतो ते हेच. तिथे नोएमीला त्याच्या चपलांवर बोलायचं असतं, शिट्टीवर बोलायचं असतं, दोरीवरच्या ओल्या टॉवेलवर बोलायचं असतं. त्याला भरून आलं. जाळी घेतली, काण्याला अलगद उचललं आणि कपडे धुवायच्या दगडी हौदात सोडलं. जा बाबा, दोन दिवस सुट्टी घे. एवढ्यावर थांबला असता तरी निभावलं असतं. पण चांगुलपणाला एकदा सुरुवात केली की हात आवरत नाही. त्याने मधली काचही काढून भिंतीला टेकवली आणि नवराबायकोला आख्खं घर मोकळं करून दिलं.

संध्याकाळी ठकठक ऐकू आली नाही. इतकी शांतता त्या पडवीत कित्येक महिन्यांत झाली नव्हती. एवेनोर झोळीत छान झोपला.

सकाळी मिलाग्रोस पंपाच्या मागे अडकलेली होती, डोकं वर, शेपूट खाली. ओठ फाटलेला. शेपटीचा झाडू झालेला. एका कुशीवरचे खवले गेलेले. आणि मोन्सिन्योर टाकीच्या मधोमध कल्ले फुगवून उभा, अजून कोणी आहे का बघत. पिल्लं सैरभैर होऊन कोपऱ्याकोपऱ्यांत दडलेली. एवेनोरने तिला काढायला हात घातला तर मोन्सिन्योरने त्याच्या अंगठ्याचा चावा घेतला. शेवटी जाळी आणि शिव्या दोन्ही वापरून त्याने तिला बादलीत घेतलं, आणि मग दुपारपर्यंत बादलीशेजारी स्टूल टाकून बसून राहिला.

दोघी बहिणी चारच्या मिनीबसने आल्या. नोएमीच्या हातात दिरिओमोच्या दुधाच्या वड्यांचा खोका, फिदेलिनाच्या हातात दोघींची पिशवी. फिदेलिनाने टाकी पाहिली, बादली पाहिली, भिंतीला टेकवलेली काच पाहिली. पिशवी खाली ठेवली, बूट काढले, आणि सुजलेली पावलं गार लादीवर टेकवली. ओरडायचं काम नोएमीने दोघींच्या वाटचं केलं.

मग फिदेलिनाने विचारलं, "काण्या कुठाय?"

"हौदात," एवेनोर म्हणाला. "विश्रांती घेतोय."

"त्याला तिथं शिक्षा म्हणून ठेवलं नव्हतं, भाऊजी. कामावर ठेवलं होतं."

तिने दमलेल्या आवाजात, पाय चोळत चोळत, काय ते सांगितलं. या जातीला राग हा लागतोच. मोन्सिन्योरला सकाळी उठल्यापासून कोणीतरी डोळ्यांत खुपावं लागतं. समोर काण्या असला की सगळा राग काचेवर निघतो, आणि काण्याला हाकलायचं म्हणून नवराबायको एक होतात. काण्या नसला की उरतं कोण? बायको. हे सांगून झाल्यावर ती उठली आणि हौदावर गेली. काण्या तिथे तळाशी निपचित पडून होता. त्याला टाकलेलं खाणं तसंच तरंगत होतं. एक दिवस कोणी हिडीसफिडीस केलं नाही म्हणून स्वारीचं चित्त ठिकाणावर नव्हतं.

नोएमीने त्याच दिवशी विषय काढला. तिला मागची खोली शिलाईसाठी हवी होती, हे तसं दीड वर्षापासून चालूच होतं. पण आता तिच्या हातात पुरावा आला होता. वड्यांचा खोका उघडता उघडता ती म्हणाली, की सान कार्लोसच्या चुलतभावाला कोकोच्या बागेवर राखणीला माणूस हवाच आहे, जेवणखाण तिथलं, हवा चांगली. डासांबद्दल ती काही बोलली नाही. मग तिने शिलाईच्या डब्यातली टेप काढली आणि खोलीची रुंदी मोजून आली. एवेनोर तेव्हा खोलीतच बसला होता. त्याला पाय वर घ्यायला सांगितलं.

त्याने वहिनीकडे पाहिलं. वहिनी गरम पाण्यात मीठ विरघळवत होती, मिलाग्रोससाठी. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही.

रोसेन्दो गेल्यावर, म्हणजे एकोणीस वर्षांपूर्वी, एवेनोर या घरात तीन दिवसांसाठी आला होता. भावाच्या अंत्यविधीला. राहिला. का राहिला हे कोणी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. त्यामुळे आता जा म्हणायला कोणाला कारण लागत नव्हतं, तसं राहायलाही त्याच्याकडे नव्हतं. त्याने मनाशी ठरवलं: पिल्लं आपल्यामुळे उघडी पडली आहेत. ती अंगठ्याच्या पेराएवढी होईस्तोवर थांबायचं, वहिनीचं देणं फेडायचं, आणि मग पिशवी उचलायची. त्याने तसं बोलूनही दाखवलं. फिदेलिना म्हणाली, "पहाटे पाचला पाणी येतं. पिंपं भरायची असतात." बस्, एवढंच.

या बाईला मासे कधीच आवडले नव्हते, हे कोणाला सांगितलं तर खरं वाटायचं नाही. ती चाळीस वर्षं शाळेचे गणवेश शिवत आली होती. निळे घागरे, पांढरे सदरे, जानेवारीत ढीग आणि मे महिन्यात माश्या मारायच्या. नवरा बर्फाची गाडी चालवायचा. एका शनिवारी रोसेन्दो अपोयोच्या तळ्यावरून चार मोहारा घेऊन आला, आणि आणले कशात, तर तिच्या नाकातामालच्या, म्हणजे केळीच्या पानात बांधून उकडायच्या मक्याच्या पुडक्यांच्या, मोठ्या पातेल्यात. त्या रविवारी घरात नाकातामाल झाले नाहीत. पुढेही बरेच रविवार झाले नाहीत, कारण पातेलं रिकामं होईना. मग टाक्या आल्या. एक, तीन, सात. रोसेन्दो गेला तेव्हा लोक हातात कॉफी घेऊन शवपेटीपेक्षा माशांसमोरच जास्त वेळ उभे राहिले. फिदेलिनाने त्या दिवशी ठरवलं, की आहेत तेवढे मरू द्यावेत आणि दुकान बंद करावं. हे माशांना कोणी सांगितलं नाही. ते अंडी घालत राहिले. मानाग्वाचा एक व्यापारी महिन्याकाठी येऊन पिल्लं घेऊन जाऊ लागला, सातच्या अकरा टाक्या झाल्या, आणि दर रविवारी चर्चमधून येताना फिदेलिना म्हणायची, की आता पुरे, पुढच्या वर्षी बंद.

मिलाग्रोस ही त्या पातेल्यातल्या माशांच्या वंशातली शेवटची. तिच्या आधीच्या तीन विणी मोन्सिन्योरने गट्ट केल्या होत्या. ही पहिलीच तरंगायला लागली होती. मिलाग्रोसचं वय पाहता शेवटचीही. ही जगली तर रोसेन्दोच्या माशांचं बी घरात राहणार होतं, नाहीतर नाही. "नाही तर नाही," फिदेलिना म्हणायची. "सुटले एकदाची." आणि असं म्हणून पहाटे पावणेपाचलाच नळाखाली पिंप लावून बसायची.

एवेनोर आता तिच्या हाताखाली होता. बासष्टाव्या वर्षी उमेदवारी. पहिलं काम, पिल्लं नळीने ओढून वेगळ्या टाकीत घेणं. नळीचं एक टोक तोंडात धरून पाणी ओढायचं असतं आणि वेळेवर तोंड बाजूला घ्यायचं असतं. वेळेवर म्हणजे केव्हा, हे त्याला चौथ्या गुळणीनंतर समजलं. ही पिल्लं सुरुवातीचे आठवडे आईबापाच्या अंगावरचा चिकटा कुरतडून वाढतात. आई मिठाच्या पाण्यात आणि बाप तो असा, तेव्हा त्यांना उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून पिळून घालायचा, दिवसातून पाचदा, डोळ्यात काजळ घालावं इतकासा. जास्त झाला की पाणी नासतं, म्हणून पाचदा खालचा गाळ ओढायचा. मग बाहेरच्या पिंपात एक दिवस निवलेलं पाणी घालायचं, कारण नळाच्या पाण्यातल्या औषधाने ही पोरं पटापट उलटतात. मिलाग्रोसच्या टबात बदामाची वाळलेली लाल पानं टाकून पाणी चहासारखं करायचं, त्याने जखमा भरतात. रस्त्यावरच्या झाडाखालून ती पानं वेचताना एवेनोरला शेजारचा घोडागाडीवाला विचारायचा, की दोन्या फिदेलिनाने तुम्हाला झाडूवाला केलं का. एवेनोर म्हणायचा, दाईपण दिलंय.

पाठ दुखायची. संध्याकाळी दोघं अंगणात बसायची तेव्हा बोलायचीही ताकद नसायची. बोटांना बलकाचा वास, नखांत हिरवं शेवाळ. फिदेलिनाच्या हातांकडे त्याने एकोणीस वर्षांत पहिल्यांदा नीट पाहिलं. सुईच्या टोचण्या आणि माशांच्या चाव्यांच्या खुणा एकमेकींत मिसळून गेल्या होत्या.

पाचव्या आठवड्यात पिल्लं नखाएवढी झाली आणि त्यांनी भांडायला सुरुवात केली. एवेनोरला धक्काच बसला. कालपर्यंत ज्यांना आपण बलक भरवला त्यांनी एकमेकांच्या शेपट्या तोडाव्यात? त्यात एक दांडगा, इतरांपेक्षा दीडपट मोठा, त्याने एक कौल काबीज केलं होतं आणि जवळ येईल त्याला हाणत होता. टाकीत छपराची फुटकी कौलं टाकलेली होती, लपायला. एवेनोरचा हात शिवशिवला. सहा अशक्त पिल्लं निवडून मोठ्या रिकाम्या टाकीत सोडावीत, त्यांना जरा ऐसपैस जागा मिळेल, असं त्याच्या मनात आलं. त्याने जाळी उचललीही होती.

"पुन्हा दया आली का?" फिदेलिना मागून म्हणाली.

त्याने जाळी खाली ठेवली. तिने सांगितलं, की सहा ठेवलीत तर आठवड्यात एक उरेल. गर्दीत मार वाटला जातो. ज्याला त्याला थोडा थोडा बसतो, कोणी मरत नाही. जागा ऐसपैस झाली की दादाला वाटतं आपण सगळ्यांना पुरे पडू, आणि तो एकेकाला निवांत गाठतो. म्हणून पिल्लं दाटीनेच ठेवायची, पाणी मात्र रोज बदलायचं. दर शनिवारी मोठी एका टाकीत, धाकटी दुसऱ्या टाकीत, असं मापाने वेगळं करायचं. आणि त्या दांडग्यासाठी तिने बाह्या वर केल्या, टाकीतली सगळी कौलं बाहेर काढली आणि पुन्हा वेगळ्याच जागी रचली. पिल्लं बावचळली. दांडगा आपलं कौल शोधत दोनदा काचेवर आपटला.

"सगळ्यांना एकदम बेघर केलं," ती म्हणाली, "की कोणी मालक राहत नाही. चार दिवस पुरतं."

त्याच आठवड्यात, फुटपाथवर झुलत्या खुर्च्या टाकायच्या वेळेला, घरात एक गंमत झाली. रोज दारात तीन खुर्च्या मांडायच्या: नोएमीची दिव्याच्या खांबाजवळ, जिथून सगळी गल्ली दिसते, फिदेलिनाची मधे, एवेनोरची गटाराच्या बाजूला. कित्येक वर्षं हेच. त्या दिवशी नोएमीने दुपारपासून एवेनोरच्या ओल्या टॉवेलवरून जी पट्टी लावली होती ती उतरायला तयार नव्हती. फिदेलिना खुर्च्या घेऊन आधी बाहेर गेली. दोघं आली तर खांबाजवळ एवेनोरची खुर्ची, गटाराकडे फिदेलिनाची, आणि नोएमीची मधे, अगदी उंबऱ्याला लागून. नोएमीने खुर्चीभोवती एक फेरी मारली. मग बसली. अर्धा तास तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. ती फक्त मान इकडेतिकडे करून आपली गल्ली कुठे गेली ते पाहत होती. एवेनोरने शांतपणे वाटेल तेवढी शिट्टी वाजवली.

पण नोएमी काही मासा नव्हती. चार दिवसांच्या जागी तिला एकच पुरला. दुसऱ्या दिवशी तिने सान कार्लोसच्या चुलतभावाला फोन लावून एवेनोरची सगळी माहिती दिली, उंचीसकट.

नवव्या आठवड्यात एवेनोरला डोळे दाखवायला मानाग्वाला जावं लागलं. एक रात्र जुन्या ड्रायव्हर मित्राकडे काढून तो दुसऱ्या दिवशी परतला, तर घरात स्मशानशांतता. स्वयंपाकघरात एक बशी फुटून पडलेली, कोणी उचललेली नाही. फिदेलिना पडवीत. नोएमी आतल्या खोलीत, पलंगावर उघडी पिशवी, तिच्यात तिचे दोन झगे आणि संत आन्तोनियोची तसबीर. भात आधी परतायचा की आधी भिजवायचा, यावरून सुरू झालं होतं. आणि आईच्या सोन्याच्या डुलांपर्यंत पोचलं होतं, आणि आई तर बत्तीस वर्षांपूर्वी वारलेली. दोघींनी एवेनोरला वेगवेगळं गाठून आपापली बाजू सांगितली. त्याने दोघींना मान डोलावली. मग तो घामेजलेला सदरा काढून, सवयीने, खुर्चीच्या पाठीवर टाकून बसला.

ती खुर्ची नोएमीची होती.

रात्रीच्या जेवणाला नोएमी सदऱ्यावर बोलत होती, फिदेलिना मधूनमधून तिला दुजोरा देत होती, आणि गायो पिंतोवर, म्हणजे राजमा-भातावर, घालायचं मीठ दोघींच्यात न मागता इकडून तिकडे जात होतं. सकाळी पिशवी पलंगाखाली गेलेली होती. एवेनोरने यातून एवढंच मनाशी घेतलं, की आपलं इथे असणं आता दोघींनाही जड झालंय. कालपर्यंत निदान वहिनी गप्प बसायची.

त्या दिवशी दोघं पडवीत काम करत होती. फिदेलिना तशीही बोलायची कमी. पण त्याला वाटलं, की आज ती त्याच्याकडे एकदोनदा पाहून पुन्हा टाकीकडे वळली. बोलायचं असेल ते तिने बदामाच्या पानांबरोबर पाण्यात टाकलं.

बारावा आठवडा उजाडला. पिल्लं अंगठ्याच्या पेराएवढी झाली. सगळी करडी, अंगावर काळे पट्टे. त्यातली थोडी पुढे कधीतरी सोन्यासारखी होतील, बाकीची आयुष्यभर करडीच राहतील, आणि कोणती होतील हे आत्ता सांगता येत नाही. तीन टाक्यांत ती दाटीने फिरत होती, एकमेकांना ढुशा देत होती, आणि मरत नव्हती. मिलाग्रोसच्या शेपटीला नवं पारदर्शक कापड फुटलं होतं. ओठ मात्र वाकडाच जुळला होता, त्यामुळे ती सतत काहीतरी कुत्सित बोलायच्या बेतात दिसायची.

शुक्रवारी फिदेलिनाने मोठी टाकी लावली. एवेनोरने काच धरली, तिने ती खाचेत बसवली. आधी पलीकडे काण्याला सोडलं. मग अलीकडे आधी मिलाग्रोसला, म्हणजे तिला वाटावं की घर तिचं आहे. आणि तासाभराने मोन्सिन्योरला. तोवर कौलं नव्याने रचलेली होती. मोन्सिन्योर खाली उतरला. बायकोकडे पाहून त्याने कल्ले फुगवले. एवेनोरने हात पाठीमागे घेतला; त्याच्या अंगठ्यावरची खूण अजून गेली नव्हती. मग मोन्सिन्योरची नजर काचेपलीकडे गेली. तिथे काण्या उभा होता. जुना, फाटका, एकाच डोळ्याने पाहणारा.

ठक.

मिलाग्रोसने आपला वाकडा ओठ घेऊन शेजारून दुसरी दिली. ठक. दोघं खांद्याला खांदा लावून, लग्नाला महिना झाल्यासारखी, काचेवर तुटून पडली. पलीकडे काण्याने पंख ताठ केले, कोपऱ्यातून पुढे आला आणि कित्येक आठवड्यांनंतर पहिल्यांदा टाकलेलं खाणं पोटभर खाल्लं.

फिदेलिना स्टुलावर बसली. नुसती बसली, जशी ती पिंपं भरून झाल्यावर बसायची. झग्याला हात पुसले, आणि लगेच गाळ ओढायची नळी पुन्हा हातात घेतली, कारण आणखी आठ टाक्या व्हायच्या होत्या.

एवेनोर आत गेला. त्याची पिशवी काल रात्रीच भरून झाली होती. कंडक्टरची जुनी टोपी, तीन सदरे, भावाचा एक फोटो, ज्यात रोसेन्दो बर्फाच्या गाडीला टेकून उभा आहे. सान कार्लोसची बस दोनला होती. नोएमी खोलीच्या दारात टेप गळ्यात घालून उभी होती. मशीन कुठे येईल ते तिने खडूने लादीवर आखूनही ठेवलं होतं. जाताना ओला टॉवेल दोरीवरून घेऊन जा, एवढं तिने बजावलं. तिच्या आवाजाला आज धार नव्हती, हे एवेनोरच्या लक्षात आलं नाही.

तो पिशवी घेऊन पडवीत आला आणि वहिनीच्या मागे उभा राहिला. एकतीस वर्षं त्याने लोकांना कुठे उतरायचं ते विचारलं होतं. स्वतःसाठी विचारायची वेळ पहिलीच. मोठ्या टाकीत ठकठक चालू होती. फिदेलिनाचं डोकं दुसऱ्या टाकीवर वाकलेलं, नळीचं टोक बादलीत, गाळाचं तपकिरी पाणी हळूहळू येत होतं.

"वहिनी," तो म्हणाला. "पिल्लं झाली मोठी. माझ्याकडून व्हायचं ते झालं. नोएमीला खोली हवी आहे, तिचंही खोटं नाही. तुम्ही काही बोलत नाही म्हणून विचारतो. जाऊ का मी?"

तिने वर पाहिलं नाही. नळी बादलीतून निसटू नये म्हणून अंगठ्याने दाबून धरली.

"तुम्ही गेलात तर नोएमी सगळीच्या सगळी माझ्या वाट्याला येईल."